चिठीवरचा कोन

“सुषमा, शंका घेणं आता थांबव. सोमवारी आपला पेपर जर्नलला जातोय,” सर फोनवर म्हणाले.

चतुर्थीच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. गोव्यातल्या कोरगावच्या आमच्या घरात नेटवर्क फक्त दारापुढच्या बाल्कांवातल्या एका कोपऱ्यात मिळतं. तिथे मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. बाजूला चहा आणि अर्धी पोय, इथला कोंड्याचा पाव, निवत होती.

“सर, बाहेरच्या टोकाला वेग कमी होत नाहीये,” मी म्हटलं.

“तिथे सिग्नल कमजोर आहे. नॉइज असेल. तुझं पहिलं नाव आहे पेपरवर. चांगली संधी आहे. तुला ती नको आहे का?”

हवी होती. माझं काँट्रॅक्ट वर्षअखेरीस संपत होतं आणि मुदतवाढ या पेपरवर अवलंबून होती. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. पुण्याच्या संस्थेत काम मिळालं तेव्हा आईने वाडीभर पेढे वाटले होते. नोकरी संपली म्हणून परत आले, हे तिला कसं सांगायचं?

काम काय होतं, ते थोडक्यात सांगते. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची चकती. ती स्वतःभोवती फिरते. दिसणाऱ्या ताऱ्यांचं आणि वायूचं वजन धरलं, तर कडेचे तारे सावकाश फिरायला हवेत, कारण तिथे ओढ कमी पडते. प्रत्यक्षात तेही जवळजवळ आतल्यांइतक्याच वेगाने फिरतात. एवढ्या वेगाने ते बाहेर फेकले जायला हवेत, पण जात नाहीत. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात. त्याच्या ओढीने वायू एका जागी गोळा झाला आणि त्यातून तारे तयार झाले, असं मानतात. थोडक्यात, डार्क मॅटरशिवाय दीर्घिका जन्माला येणंच कठीण.

आमची दीर्घिका मात्र इतकी हळू फिरत होती की दिसणारं वजनच तिला पुरत होतं. डार्क मॅटर नसलेली दीर्घिका! म्हणून सर खुशीत होते.

मला ते पटत नव्हतं. वेग कमी होता, पण कडेला आणखी घटत नव्हता. डार्क मॅटर नसेल तर तो घटायला हवा होता. दोन दिवस मी प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडली नाही. मग माझा संशय दुर्बिणीवर गेला, मग सरांच्या घाईवर आणि शेवटी माझ्या स्वतःवर. खेड्यातल्या शाळेतून आलेली मी, माझीच समज कमी पडत असेल, असं वाटायला लागलं.

आत पप्पा माटोळी बांधत होते. गणपतीच्या वर टांगायची ही लाकडी चौकट, तिला नारळ, चिबूड, सुपारीचे घोस बांधतात. पप्पा मूळचे सिंधुदुर्गातले. वीस वर्षं त्यांनी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद झाल्यावर आता काजूची बाग बघतात. प्रत्येक गाठ बांधली की ते तिला लोंबकळून बघत होते. संशय हा त्यांचा स्वभावच.

“कपाळार आठ्यो कशाक?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला.

“जड आसा काय हलकी, ता कशार कळता?”

“फिरण्याच्या वेगार.”

“आणि वेग कसो कळता?”

“तिची कड आमच्याकडे येता काय लांब जाता, तितक्याच दिसता. बाकीचो वेग आम्ही काढतो. चकती किती कलली हा, त्या कोनार.”

“कोन कोणी सांगलो?”

“यादयेत होतो, पप्पा. छापील यादी आसा. सगळे तीच वापरतत.”

“म्हणजे चिठयेर.” ते हसले. “चेडवा, खाणीवरची वजनाची चिठी सांगी गाडी अर्धी भरलेली. मी चिठी बघी नाय. चाकांवरचे पाटे बघी, दबलेत काय नाय ते. तू चिठी वाचून दाखवतंस. गाडी बघितलंस काय?”

मी यादीतला तो आकडा पुन्हा बघितला.

“आणि बघितलंस तर खंयसून? समोरसून सगळे गाडये सारकेच दिसतत.”

मला शाळेत छापलेलं पाठ करायला शिकवलं होतं. त्या शिक्षकांचे उपकार मी विसरत नाही, त्यांनीच मला इथवर आणलं. पण छापील आकड्याला हात लावायची सवय मला कधी लागली नव्हती. प्रोग्रामवर, दुर्बिणीवर, माणसांवर मी संशय घेतला होता. त्या कोनावर एकदाही नाही.

गोल ताट तिरकं धरलं की लांबट दिसतं. दीर्घिका जितकी लांबट, तितकी ती कललेली, असा तो कोन काढतात. यादीत पन्नास अंश होते. मी दीर्घिकेचे जुने, जास्त वेळ प्रकाश साठवून घेतलेले फोटो मागवले. फोन हातात धरून, त्याचं नेटवर्क लॅपटॉपला देत, ते उतरवायला दुपार गेली. फोटो उघडला. मधे ताऱ्यांचा एक जाड दांडा होता. लांबट होता तो दांडा. त्याच्याभोवतीची फिकट चकती जवळजवळ गोल होती. यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरने दांडाच मोजला होता. आपण त्या दीर्घिकेला जवळजवळ समोरून बघत होतो.

बाहेरच्या चकतीवरून कोन काढला. तेवीस अंश. समोरून बघितलं की वेगाचा थोडाच भाग दिसतो, म्हणून खरे वेग जवळजवळ दुप्पट निघाले. वेग दुप्पट म्हणजे वजन चौपट. दिसणारे तारे आणि वायू आता कुठेच पुरत नव्हते. आमच्या दीर्घिकेत डार्क मॅटर होतं, इतर दीर्घिकांसारखंच.

मी सरांना फोन केला.

“घाबरलीस का?” त्यांनी आधी हेच विचारलं.

“नाही सर. फोटो पाठवलाय. बघा.”

त्यांनी फोटो उघडला. मग ते म्हणाले, “हा दांडा मला दिसायला हवा होता.” थोड्या वेळाने पुन्हा, “बरं झालं सोमवार अजून आला नाही.”

पेपर गेला नाही. त्या दीर्घिकेवर पुढे चार पानांची साधी नोंद निघाली, ती कुणी फारशी वाचली नसावी. पण सरांना त्या यादीचाच संशय आला. यादीतले बाकीचे कोन एकेक करून तपासायचं काम त्यांनी मला दिलं. काम कंटाळवाणं आहे, पण तेवढ्यासाठी माझी मुदत वाढली. आतापर्यंत आणखी काही दांडे सापडलेत.

त्यातून मी एवढंच शिकले, की संशय घ्यायचा असेल तर सगळ्यांना मान्य असलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी. तिथे कुणी बघितलेलं नसतं.

चतुर्थीच्या दिवशी आरती झाल्यावर मी पप्पांना सांगितलं, गाडी भरलेली होती.

“माका म्हायत होता,” ते म्हणाले. मग थांबून, “माल काय होतो?”

“ता अजून कोणाकच कळाक नाय, पप्पा.”

त्यांनी माझ्याकडे खाणीवरच्या चिठीकडे बघावं तसं, संशयाने बघितलं.