भिंतीला लागलेला भराव

आमच्या चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभं राहणारा माणूस बहुधा ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेबद्दल सांगतो. नोकरी मागितली, मिळाली. ताप उतरावा म्हणून गुडघे टेकले, उतरला. माझी साक्ष न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेची आहे, म्हणून ती लिहून काढते आहे. शिवाय आता मला फार वेळ उभं राहवतही नाही.

चिखलीत, लहान वर्कशॉपांच्या गल्लीच्या टोकाला माझं बैठं घर आहे. माझे यजमान भोसरीच्या एका कंपनीत टर्नर होते. आम्ही दोघं नगर जिल्ह्यातून इकडे आलो, पोटाला चिमटा घेऊन जागा घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा भिजवून घर बांधलं. मूलबाळ झालं नाही. ते गेले आणि मी एकटी राहिले. खरं सांगायचं तर एकटं राहायची सवय मी मोठ्या मेहनतीने लावून घेतली. सुरुवातीला मंडळीतल्या बायका येत आणि म्हणत, प्रभूने त्यांना आपल्या घरी नेलं. मला संताप यायचा. माझ्या घरात त्यांना काय कमी होतं? मग मी गृहप्रार्थनेची पाळी नको म्हणून कळवून टाकलं. आमच्यात दर आठवड्याला एकेकाच्या घरी प्रार्थना असते. गाणी, वचन, शेवटी चहा. पाळी नाकारली की लोक काय ते समजतात, आणि समजलेच. हळूहळू येणं बंद झालं. मी कुंपणाची भिंत थोडी उंच करून घेतली, तिच्यावर बाटल्यांच्या काचा बसवल्या आणि फाटकाला आतून कुलूप घालून किल्ली कमरेला अडकवली. चोर येऊन नेणार काय होता, जुना मिक्सर? पण उन्हात त्या काचा चमकल्या की मला बरं वाटायचं.

घरामागचा प्लॉट खोलगट होता. पावसाळ्यात तिथे तळं साचायचं आणि बेडूक ओरडायचे, बाकी काही त्रास नव्हता. मग तो एका बिल्डरने घेतला आणि मुरुमाचे डंपर सुरू झाले. ज्यांनी हे काम पाहिलं नसेल त्यांना सांगते, भराव एकदम टाकत नाहीत. मुरुमाचा एक थर पसरायचा, त्याला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग वरचा थर. पाणी मारलं नाही तर माती आत पोकळ राहते आणि इमारत पुढे खचते. भिंतीपासून थोडी जागा सोडून हे करायचं असतं म्हणे. पण डंपरवाल्यांना तेवढं जपून ओतायचा कंटाळा. ते थेट माझ्या भिंतीला टेकवून मुरूम ओतू लागले. बघता बघता तो चढत गेला. एका कोपऱ्यात तर भिंत बुडाली, काचा बुडाल्या आणि लाल मुरूम भिंतीवरून ओघळून माझ्या मागच्या अंगणात उतरला.

मी मुकादमाला जाऊन धरलं. तो मावळातला, तोंडाचा गोड.

"व्हय मावशी, काढतो की. रोलर झाला का कडंची माती मागं घेतो. तुमच्या भिंतीला काय बी व्हनार न्हाई."

तो रोज काढत होता आणि माती रोज चढत होती.

मी बायबल वाचणारी बाई आहे. त्या दिवसांत मला त्यात सगळीकडे मातीच दिसू लागली. जुन्या काळी तटबंदीचं शहर जिंकायचं तर शत्रू बाहेरून तटाला लागून मातीचा चढ रचत. टोपलीमागून टोपली टाकत तो तटाच्या उंचीला आला की सैन्य त्यावरून चालत आत. हिज्कीया राजाच्या वेळी अश्शूरचा राजा यरुशलेमेवर असाच चालून आला होता. हिज्कीयाने शत्रूची धमकी देवापुढे मांडली आणि देवाने शब्द दिला की हा या शहरापुढे मातीचा मोर्चा, म्हणजे तसा चढ, बांधणारच नाही. मला वाटलं, हेच माझं वचन. मी अंगणातलं मुरुमाचं एक ढेकूळ उचलून आणलं, टेबलावर बायबलाशेजारी ठेवलं आणि म्हणाले, प्रभू, बघ, हे माझ्या दारात आलं आहे. तू त्या राजाला थांबवलंस, या बिल्डरलाही थांबव. रोज हीच प्रार्थना केली. ढेकूळ टेबलावर तसंच राहिलं आणि मागे डंपर येत राहिले.

मग मी ईयोबाकडे गेले. तोही तक्रार करतो, देवाच्या टोळ्यांनी माझ्यावर चाल करून येण्यासाठी वाट रचली आणि माझ्या तंबूला वेढा घातला म्हणून. ते वाचून मी रडले. मला वाटलं, शत्रू कुणी बिल्डर नाहीच, देवानेच मला घेरलं आहे. नवरा नेला, आता उरलेलं घरही मातीत घालतो आहे. तेव्हापासून मी बायबल मिटून ठेवलं. संध्याकाळी वर्कशॉपांतल्या प्रेस थांबल्या की गल्ली चिडीचूप व्हायची आणि दिवसभरात मी कुणाशी काय बोलले ते आठवून बघायचे. बहुतेक दिवशी एकाच माणसाशी बोललेली असायचे, आणि तेही भांडून.

ती म्हणजे सुमन. साइटवरच्या वॉचमनची बायको, परभणीकडची, पत्र्याच्या खोलीत राहणारी. भरावाला पाणी मारायचं काम तिचं. सकाळी ती जाड पाइप घेऊन वर चढे, आणि तिने पाणी सोडलं की त्यातलं निम्मं भिंतीच्या बुडालेल्या कोपऱ्यावरून माझ्या अंगणात लाल होऊन वाहत येई. मी खालून ओरडायचे, "अगं ए बाई, तुझ्या भरावाला आंघोळ घाल, माझ्या अंगणाला नको!" ती वरून दिसायची नाही. नुसता आवाज यायचा, "बरं मावशी," आणि पाणी दुसरीकडे वळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझा शेजारधर्म तेवढाच उरला होता.

तो गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी वर्कशॉप बंद असतात, गल्लीत चिटपाखरू नसतं. साइटचंही काम बंद होतं, पण भरावाला पाणी मात्र सुट्टीच्या दिवशीही लागतं. मी मागच्या अंगणात धुणं घेऊन गेले आणि त्याच लाल चिखलावरून पाय घसरला. कमरेतून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधार झाला. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फोन आत चार्जिंगला. फाटकाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. हाका मारल्या, पण घशातून हवाच निघत होती. ऊन चढत गेलं. भिंतीकडे पडल्या पडल्या बघत मी मनात हिशेब केला की माझी आठवण पहिल्यांदा कुणाला येईल. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून जातो. बाकी कुणीच आठवेना. मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही. आपण गेलो तरी कुणाच्या दिवसात काहीच फरक पडणार नाही, याची वाटली. तेव्हा मी म्हणाले, प्रभू, मी थकले. तुला जे करायचं ते कर. एवढीच प्रार्थना. शहाणी-बिहाणी नव्हती, त्यात विश्वासही फारसा नव्हता. नुसता हात सोडलेला होता.

थोड्या वेळाने पाणी आलं. भिंतीवरून लाल पाणी ओघळत आलं, माझ्या पाठीखालून गेलं, लुगडं भिजलं. मला ओरडायचं होतं. आवाज नव्हता. पाणी येत राहिलं आणि मग एकाएकी थांबलं.

आणि मग तिचं डोकं दिसलं. भरावाच्या कडेवर, आभाळासमोर. पाइप टाकून ती बुडालेल्या भिंतीवरून चालत आली, काचा जिथे गाडल्या गेल्या होत्या त्यांच्यावरून, आणि ओघळलेल्या मुरुमावरून घसरत थेट माझ्याजवळ पोचली.

"मावशी! ओ मावशी! पडलाव का? हलू नका, म्या हाव इथं."

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने तोंड पुसलं, आतून तांब्या आणून घोट घोट पाणी पाजलं. मी विचारलं, "तुला कळलं कसं गं?"

"रोज पाणी आलं की तुमी वरडताव," ती म्हणाली. "आज लई पाणी सोडलं तरी आवाज न्हाई. मनात धस्स झालं. म्हून बघाया आले."

तिने माझ्या कमरेची किल्ली काढली, नवऱ्याला हाक मारली, मग फोन घेऊन आली. "कुणाला लावू मावशी? घरचं कोन हाय?" मी तोंड उघडलं आणि मला एकही नाव सुचलं नाही. शेवटी मी म्हणाले, "चर्चच्या पाळकसाहेबांना लाव." नंबर अजून होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दिवसभर उन्हात तशाच पडून राहिला असतात तर अवघड होतं. पाळकसाहेब भेटायला आले आणि कोणतं वचन वाचू म्हणून विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, येशू यरुशलेमेकडे बघून रडतो ते वाचा. ते चमकले. खाटेवरच्या माणसाला ते कुणी वाचून दाखवत नाही. त्यात येशू त्या शहराला सांगतो, तुझे शत्रू तुझ्याभोवती मोर्चे बांधतील, तुला चहूकडून कोंडतील, तुझा एक चिरा दुसऱ्यावर राहणार नाही. मला वाटायचं, हा शाप आहे. पण त्या दिवशी शेवटचं वाक्य कानात शिरलं. हे होईल ते कशामुळे, तर देव तुझ्या भेटीला आला तेव्हा तू त्याला ओळखलं नाहीस म्हणून. आणि हे सांगणारा रागावलेला नाही, तो रडतो आहे. मी उशीत तोंड खुपसून रडले. पाळकसाहेबांना वाटलं कंबर दुखतेय, त्यांनी नर्सला बोलावलं.

त्यानंतर खाटेवर विचार करायला वेळच वेळ होता. मोर्चा बांधणाऱ्याला शहर मोडायचं असतं, हे खरं. पण आत माणूस कोंडून पडला असेल आणि दार त्यानेच आतून लावलं असेल, तर बाहेरच्याने आत यायचं कसं? हिज्कीयाच्या शहराभोवती देवाने मातीचा चढ रचू दिला नाही, कारण त्या शहराला वाचवायचं होतं. माझ्या भिंतीशी त्याने तो रचू दिला, कारण मला वाचवायचं होतं. हा चमत्कार होता का, ते मला सांगता येत नाही. मुरूम डंपरवाल्याच्या आळसाने पडला आणि मी पडले ती त्याच चिखलावर, हेही मला माहीत आहे. मी एवढंच म्हणते की मी रोज जे अडवून धर म्हणत होते, त्यावरूनच सुमन चालत आली.

मी घरी परतले तेव्हा मुकादमाने कडेची माती खरंच मागे घेतली होती आणि भिंत डागडुजी करून दिली होती. सुमनचं काम संपलं होतं. तिच्या नवऱ्याला चाकणकडे दुसरी साइट मिळाली. जायच्या दिवशी ती आली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. कितीतरी काळाने मी दुसऱ्या कुणासाठी काही मागत होते, शब्द अडखळत होते. तिने हात जोडून डोळे मिटले होते. कोणत्या देवासाठी ते मी विचारलं नाही. ती गेल्यावर घर पूर्वीसारखंच रिकामं झालं. खोटं कशाला सांगू, एकटेपण गेलेलं नाही. पण संध्याकाळी मी प्रभूचे आभार मानते, त्याने दिलेल्या गोष्टींचे आणि माझं न ऐकल्याबद्दलचेही.

मागे आता इमारत उठते आहे. मजल्यावर मजला चढतो आहे आणि खिडक्यांच्या जागा माझ्या अंगणाकडे सोडल्या आहेत. उद्या तिथे लोक राहायला येतील, कपडे वाळत घालताना मी काय करते ते वरून बघतील. बघू देत.