पक्कं म्हणायच्या आधी

गडचिरोलीकडच्या त्या तालुका कचेरीत रेशनकार्डं नुकतीच संगणकावर चढली होती. साहेबांनी ‘बोगसकार्डमुक्त तालुका’ असा फलकही रंगवून घेतला होता. आता फक्त तालुका मुक्त करायचा राहिला होता. चार वाजता नव्या कार्डांच्या वाटपाला पाहुणे येणार होते.

नियम साहेबांचाच. गाव, नाव, आडनाव सारखं असेल तर एक कार्ड ठेवायचं, बाकीची उडवायची. उडवायचं काम माझं; मला धीर होईना. मी ‘पक्कं’ म्हणेपर्यंत काहीच पक्कं धरू नकोस, असं संगणकाला बजावलं आणि मग कार्डं उडवली. ती अजून एका शब्दात परत आणता आली असती. पण तोवर त्या नोंदींना कुलूप. दुसऱ्या कुणालाच हात लावता येईना.

“भाऊ, काय करून राह्यले? इथी माह्यं मशीन लटकलं ना!” शेजारचा ऑपरेटर ओरडला.

“करा पक्कं आता,” साहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते. “कशाची वाट बघताय?”

उडणाऱ्या कार्डांची यादी मी बाजूला उतरवून घेतली होती. जंगलातल्या एकाच गावची कितीतरी होती. नावं सारखी, घरं वेगळी.

“एकच बाई दोन घरं दाखवते. यालाच बोगस म्हणतात,” साहेब यादी बघून म्हणाले.

“त्या गावच्या बाया कार्डं घ्यायला बाहेर बाकावर बसल्यात, साहेब. विचारून घेऊ.”

साहेबांनी दारातूनच त्यातलं एक नाव पुकारलं. दोघी उठल्या.

“मी एकीलाच बोलावलं.”

“मंग कोण्या एकीले?” थोरली म्हणाली. “आमी चुलत बहिणी. आजी मेली, तं दोघीच्याई बापानं पोरीले तिचंच नाव ठेवलं. लगन बी दोघा भावांशी झालं. आता चुली वेगळ्या हायेत.”

“एका हाकेत दोघी येतो, साहेब,” धाकटी हसली. “तुमचा घसा वाचते.”

साहेब हसले नाहीत. फाटकाशी जीप थांबल्याचा आवाज आला.

“आणि फलकाचं काय?” त्यांनी हळूच विचारलं.

फलक परत फिरवायचा शब्द माझ्याकडे नव्हता. कार्डांसाठीचा होता, तो मी त्यांच्याकडे न बघता टाइप केला. सगळी नावं जागच्या जागी आली.

“चाललं, भाऊ!” शेजारून आवाज आला.

कार्यक्रम त्याच फलकाखाली झाला. भाषणात संगणकाचं कौतुक झालं. मग वाटप सुरू झालं, पाहुण्यांनी ते नाव पुकारलं आणि पुन्हा दोघी उठल्या. पाहुण्यांनी चमकून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पाहुण्यांच्या हातात दुसरं कार्डही ठेवलं.