वसतिगृहाच्या ठेवीचा सूड

देवपूरमध्ये कर्णबधिर मुलींचं एक वसतिगृह आहे. माझ्या आईने फैजपूरकडचा आपल्या वाट्याचा केळीचा मळा विकून आलेली सगळी रक्कम या वसतिगृहाला दिली होती. उतारवयात तिला स्वतःला ऐकू येईनासं झालं, तेव्हा चारचौघांत बसून एकटं पडणं काय असतं ते तिला समजलं. देताना तिने एकच अट घातली: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर मुलींना जेवू घालायचं. संस्थेने तसा ठराव केला आणि रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली. आई गेल्यावर तिच्या जागी मला विश्वस्त म्हणून घेतलं. जळगावच्या कॉलेजात वाणिज्य शिकवून मी तेव्हा नुकती निवृत्त झाले होते.

अध्यक्ष होते नाना. मोठे ठेकेदार. ते खोलीत आले की माणसं आपसूक उभी राहायची. एका बैठकीत त्यांनी विषय काढला.

"बँक देते काय? आमच्या व्याह्यांची पतसंस्था आहे. तिथे बँकेपेक्षा कितीतरी जास्त व्याज मिळेल. सगळी ठेव तिकडे वळवू."

मी म्हटलं, "नाना, धर्मादाय संस्थेचा पैसा पतसंस्थेत ठेवता येत नाही. कायद्यातच बसत नाही. शिवाय सगळी रक्कम एकाच ठिकाणी, आणि तीही तुमच्या नात्यातल्या माणसाकडे?"

ते हसले. "ताई, फळ्यावर शिकवणं वेगळं आणि पैसा फिरवणं वेगळं. तुम्ही आपल्या पोरींच्या भाजीची चव बघत जा."

सगळे हसले. आईवर शेवटपर्यंत उपचार करणारे डॉक्टरही विश्वस्त होते. तेसुद्धा मान खाली घालून हसले. माझा विरोध इतिवृत्तात लिहा, असं मी चिटणिसांना सांगितलं. त्यांनी नानांकडे पाहिलं. "लिहा, लिहा," नाना म्हणाले, "बाईंचं समाधान होऊ द्या." मग माझ्याखेरीज सगळ्यांनी हात वर केले आणि ठराव मंजूर झाला.

सुरुवातीला व्याज खरंच जास्त आलं. मुलींना नवीन गाद्या आल्या. स्नेहसंमेलनात नाना सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय ताई, गाद्या मऊ आहेत ना?"

मग एक दिवस पतसंस्थेचं शटर खाली आलं ते आलंच. व्याज थांबलं. वसतिगृहात आधी दूध बंद झालं, नंतर रात्रीची भाजी पातळ झाली, आणि शेवटी लहान वर्गातल्या मुलींना घरी पाठवायचं ठरलं. त्यातल्या एकीला न्यायला तिची आई खेड्यावरून आली होती. मुलगी पलंगाचा गज सोडेना. एका हाताने गज धरून दुसऱ्या हाताच्या खुणांनी ती मला पुनःपुन्हा विचारत होती, मी काय केलं? मी काय केलं? मुलीकडे हात करून तिची आई म्हणाली, "ताई, मनी पोर आते कोठे जाई?"

पुढे पतसंस्थेवर प्रशासक आले. ठेवीदारांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, की बंद पडण्याआधीच संचालकांच्या नातेवाइकांनी आपापल्या ठेवी काढून घेतल्या होत्या. मी वळून नानांकडे पाहिलं. ते रुमालाने चष्मा पुसत बसले होते. स्वतःचं काढलं आणि मुलींचं राहू दिलं. त्या क्षणी माझ्या मनात जे पेटलं त्याला मी न्यायाची चाड वगैरे म्हणणार नाही. मला तो माणूस खाली आलेला बघायचा होता.

मी धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार केली. तारखांवर तारखा पडत गेल्या. एकेक विश्वस्त घरी येऊन समजावून गेला. शेवटी स्वतः नाना आले. माझ्या दारात मात्र ते गावच्या बोलीवर उतरले.

"झायं ते झायं, ताई. आते जाऊ दे ना." मग म्हणाले, "नवीन इमारतीला तुमच्या आईचं नाव देऊ."

"नाव नको. आईचं मुद्दल द्या."

"पतसंस्थेकडून आलं की देऊच."

"तुमच्या खिशातून द्या, नाना."

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. माझ्या आयुष्यात दारी आलेल्या माणसाला मी त्या एकाच वेळी तसं परत पाठवलं.

निकाल लागला. ठरावाच्या बाजूने ज्यांनी हात वर केले होते त्यांनी नुकसान भरून द्यायचं, आणि नानांनी पद सोडायचं. डॉक्टरांनी आपला वाटा मुकाट्याने भरला. नानांना हायवेलगतचा प्लॉट विकावा लागला. खरेदीखताच्या दिवशी माझं काही काम नसताना मी निबंधक कार्यालयात जाऊन समोरच्या बाकावर बसले. अंगठा उमटवून ते बाहेर आले, तेव्हा थांबून म्हणाले, "तुम्ही कशाला आलात?"

"बघायला."

आता अध्यक्ष मी आहे. ठेव वेगवेगळ्या बँकांत आहे, दरवर्षी थोडी सुटेल अशा मुदतींची. काही रक्कम सरकारी रोख्यांत आहे. महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून व्याजातला काही भाग परत मुद्दलात जातो. विश्वस्ताच्या नातलगाच्या संस्थेत एक रुपयाही ठेवायचा नाही, हे धोरणात लिहून ठेवलं आहे. हे सगळं फार नीरस आहे. मुलींचं जेवण नीरस पैशावरच वेळेवर होतं.

बहुतेक मुली परत आल्या. पलंगाचा गज धरणारी आली नाही. मी तिच्या गावी जाऊन आले. ती कापूस वेचायला जाते, आणि शिकलेल्या खुणा विसरत चालली आहे. घरात त्या कुणालाच येत नाहीत. म्हणून प्लॉट विकला गेला तरी माझं समाधान झालं नाही.

नाना अजून आजीव सभासद आहेत. वार्षिक सभेची नोटीस मी त्यांना न चुकता पाठवते. गेल्या वर्षी ते काठी टेकत आले आणि मागे बसले. पहिला विषय मी गुंतवणुकीचा ठेवला होता. हे धोरण का करावं लागलं, ते त्यात एका वाक्यात आहे: माजी अध्यक्षांनी नात्यातल्या पतसंस्थेत ठेव ठेवल्यामुळे मुलींना घरी पाठवावं लागलं. मी ते वाचताच डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, नाना बसलेत. तेवढं वाक्य गाळा."

मी चष्मा सारखा केला आणि ते वाक्य पहिल्यापासून, सावकाश, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा वाचलं.