जब्रीनच्या खिडकीतून दिसलेलं

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६, पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. मस्कतजवळच्या माबेल्यातल्या खोलीत मी मोबाइलच्या उजेडात बुटांना पॉलिश करत होतो. दिवा लावला असता तर माझा खोलीतला जोडीदार दिलीप उठला असता आणि त्याने पुन्हा विचारलं असतं, "पंचावन्न रियाल? येडा झालास काय?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. जब्रीनचा किल्ला पाहायला पंचावन्न रियाल लागत नाहीत. मित्राची गाडी असेल तर पेट्रोल, तिकीट, चहापाणी आणि जेवण धरून माणशी सात-आठ रियालमध्ये भागतं. तुम्ही जाणार असाल तर तसंच जा. मी मात्र गाइडसकट खासगी गाडी ठरवली होती, कारण मला लायसन्स नाही आणि माझं लग्न ठरत होतं.

मी मस्कतच्या गाला भागात ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. आमच्याच तालुक्यातले संदेशदादा माबेल्यात राहतात. वहिनींच्या बाळंतपणासाठी वहिनींचे आईवडील गावाहून आले होते. मी त्यांना काका-काकी म्हणतो. त्यांची धाकटी मुलगी सायली कोल्हापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सुट्टीत मी तिला रीतसर पाहून आलो होतो. नंतर दोनदा फोन झाला. मग तिचा मेसेज आला, की होस्टेलवर फोनवर बोलू देत नाहीत, आपण लिहूया. इथून व्हॉट्सॲपवर बोलणं लागत नाही आणि साधा कॉल महाग पडतो, त्यामुळे मलाही ते बरं वाटलं. तीन आठवडे आम्ही रोज लिहीत होतो. त्या शुक्रवारी संध्याकाळी संदेशदादांच्या घरी सुपारी फुटायची होती. त्याआधी काका-काकींना ओमान दाखवावा, असं मी ठरवलं. शुक्रवारी किल्ल्याची वेळ सकाळपुरतीच असू शकते, त्यामुळे आधी चौकशी करा आणि पहाटेच निघा.

साडेपाचला पांढरी फोर-व्हीलर संदेशदादांच्या बिल्डिंगखाली आली आणि पहिला धक्का बसला. चालवायला बाई होती. काळा अबाया, डोक्याला घट्ट रुमाल, हातात कॉफीचा थर्मास. गाडी ठरवताना मी तिच्या भावाशी बोललो होतो, त्याच्या घराच्या खिडक्या आम्हीच बसवल्या होत्या. गाइड म्हणजे त्याची बहीण, हे त्याने सांगितलं नव्हतं.

"गुड मॉर्निंग. माय नेम इज शम्सा."

मागच्या सीटवर बसता बसता काका काकींना मराठीत म्हणाले, "ही नेणार काय गो आपल्याला? डोंगरातनं? बघ, संध्याकाळी सुपारीच्या जागी दहावा घालायची वेळ येईल."

"गप बसा," काकी म्हणाल्या. "तिला कळतंय होय?"

मी ओशाळून शम्साकडे पाहिलं. ती आरसा नीट करत होती.

मस्कतहून निझव्याकडे जाणारा रस्ता म्हणजे गुळगुळीत महामार्ग आहे. बिदबिदनंतर दोन्ही बाजूंना डोंगर येतात. गवताची काडीसुद्धा नाही, नुसता तपकिरी दगड, आणि उजाडताना तो एकदम लाल होतो. काकी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "झाडाबिगर डोंगर कसा उभा राहिला असेल?" असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. काकांचं लक्ष गाडीवर होतं. "हिला सांग रे, वळणावर ब्रेक जरा हळू दाब म्हणून. माझं पोट ढवळतंय." मी इंग्रजीत कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो, तोवर पुढचं वळण आलं आणि गाडी अलगद, लोण्यातून सुरी जावी तशी वळली. मला वाटलं, योगायोग.

समाईलच्या पुढे पेट्रोल पंपाजवळच्या चहावाल्याकडे थांबलो. कडक चहा आणि अंडा-पराठा, चौघांचे मिळून दोन रियाल आणि वर काही बैसे. चहा आणायला मीच उतरलो. रांगेत उभं राहून सायलीला लिहिलं, "निघालो. तुमच्या आईंना डोंगर आवडले." लगेच उत्तर आलं नाही. चहाचे कप घेऊन गाडीकडे निघालो तेव्हा आलं, "नीट जा. आईबाबांना जपा." माझा जीव सुखावला.

पुढे इझकीच्या आसपास काकांनी विचारलं, "पगार वेळेवर होतो ना रे आता? मधी दोन महिने अडकला होता म्हणं."

मी चमकलो. ते मी इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, पैसे अडकले होते हे फक्त सायलीला लिहिलं होतं. मग वाटलं, मुलगी बापाला सांगणारच. उलट चांगलंच आहे, काही लपवत नाही. "झाला काका, सगळा मिळाला," मी म्हणालो.

जब्रीन निझव्याच्या पुढे, बहलाच्या जवळ आहे. खजुराच्या बागा संपतात आणि मोकळ्या मैदानावर एकदम ती मातकट रंगाची चौकोनी इमारत उभी राहते. म्हणायला किल्ला, पण खरा राजवाडाच. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका इमामाने स्वतःला राहायला बांधलेला. बाहेरून काहीच नाही, आणि आत शिरल्यावर माझं तोंड उघडंच राहिलं. लाकडी छतांवर लाल-काळ्या रंगात फुलं आणि वेली, इतक्या बारीक की मान दुखेपर्यंत पाहत राहावं. एका खोलीच्या जमिनीत पन्हळी आहेत. तिथे खजुराची पोती एकावर एक रचायचे आणि वजनाने गळलेला पाक पन्हळींतून खाली मडक्यात जमा व्हायचा. शम्साने सांगितलं, की वेढा पडला तर तोच पाक उकळून दारावरून शत्रूच्या डोक्यावर ओतायचे. काकींनी "अगो बाई" करून तोंडावर हात ठेवला. याच वाड्याच्या तळाला त्या इमामाची कबर आहे. राहत्या घरातच पुरलेला माणूस. काकींनी चपला काढून लांबूनच नमस्कार केला, तेव्हा शम्सा जराशी हसली.

माझा धंदा खिडक्यांचा, त्यामुळे मी सूर्य-चंद्राच्या दालनात सर्वांत जास्त रेंगाळलो. खिडक्यांच्या दोन रांगा आहेत, एक वर आणि एक जमिनीलगत. गार हवा खालून येते, गरम वरून निघून जाते. वीज नाही, पंखा नाही. शम्सा हिंदीत म्हणाली, "इमाम पाहुण्यांना इथेच भेटायचा. आणि या जमिनीखाली कोनाड्यांत सैनिक लपलेले असायचे. बोलणी बिघडली की वर."

मी काकांना मराठीत सांगितलं. ते खो खो हसले. "जावयाशी बोलणी करताना असंच पायजे!"

काकींचे गुडघे दुखायला लागले होते. वर जाणारे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. वडीलधारी माणसं असतील तर त्यांना खालीच बसवा. काका-काकी खालच्या चौकात कट्ट्यावर बसले आणि मी शम्साबरोबर वर गेलो. वरच्या बोळातून चौक दिसावा म्हणून एक खिडकी आहे. तिथे उभा राहून मी चौकाचा फोटो काढला आणि सायलीला पाठवायला लागलो.

शम्सा शेजारी येऊन उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "तू कोणाला पाठवतोस हे?"

माझ्या हातातून मोबाइल निसटला. नशीब, खिडकीच्या आतल्या बाजूला पडला.

"मी पुण्यात शिकले. चार वर्षं कोंढव्याला होते," ती म्हणाली. "घरमालकीण काकूंना हिंदी येत नव्हतं, मग मलाच मराठी शिकावं लागलं."

"मग... सकाळपासून..."

"सगळं. दहावा पण. मी नेहमी सांगते लोकांना. पण आज गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य माझ्यावरच होतं, म्हटलं, ऐकू या तरी." मग तिचं हसू गेलं. "मी हे सांगायला नको. माझं काम किल्ला दाखवायचं. पण माझी पण एक लहान बहीण आहे. तुझी सायली कुठे आहे?"

"कोल्हापूरला. होस्टेलवर."

"नाही. गावी घरी आहे, आत्याजवळ. तिला परत आणून बसवलंय. तू चहा आणायला गेलास तेव्हा काकू रडत होत्या. म्हणाल्या, पोरगी आत्याशी पण बोलत नाही, परीक्षा बुडणार तिची. काका म्हणाले, एकदा सुपारी फुटली की सगळं गप होतं, आता तू लिही काहीतरी, तो वाट बघत असेल. म्हणून काकूंनी लिहिलं."

"कुठे लिहिलं?"

"तिचा फोन काकूंच्या पर्समध्ये आहे. तू पुढे बसून टाइप करतोस आणि मागे पर्समध्ये फोन थरथरतो. मला वाटलं, तुला माहीत असेल. मग कळलं, तुला माहीत नाही."

पहिला विचार खरं सांगायचं तर सायलीचा आला नाही. मी तीन आठवड्यांत काय काय लिहिलं ते आठवायला लागलो. दहावीला दोनदा राहिलो ते. उंच इमारतीवर खिडकी बसवताना पाय लटपटतात ते. पगाराचं तर काकांनी सकाळीच विचारलं होतं.

विश्वास बसेना. मी फोटो पाठवला आणि खिडकीतून खाली पाहिलं. काकींची पर्स हलली असावी, कारण त्यांनी लगेच ती उघडली. आत निळ्या कव्हरचा फोन. काकांकडे बटणांचा साधा फोन असतो, हा तो नव्हता. दोघांनी माना एकत्र करून फोटो पाहिला. काका काहीतरी बोलले आणि काकी एका बोटाने टाइप करू लागल्या. माझ्या हातात फोन थरथरला.

"छान आहे. आई दमली नाही ना?"

मी भिंतीला टेकलो. शम्सा म्हणाली, "पाणी देऊ?" मी मान हलवली आणि पुन्हा खाली पाहिलं.

थोड्या वेळाने काका उठून पाय मोकळे करायला दरवाजाच्या बाहेर गेले. काकी एकट्या होत्या. काय लिहावं हे मी ठरवलं नव्हतं. बोटांनीच लिहिलं म्हणा.

"सायली, तुम्हाला हे लग्न नको असेल तर फक्त ‘नको’ एवढं लिहा. मी कारण विचारणार नाही. दोष माझ्यावर घेईन."

काकींनी वाचलं. पुन्हा वाचलं असावं, कारण फोन डोळ्यांजवळ नेला. दरवाजाकडे पाहिलं. काका दिसत नव्हते. फोन मांडीवर उलटा ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. दोन परदेशी बायका फोटो काढत त्यांच्या समोरून गेल्या, त्यांना वाट द्यायला काकींनी पाय आत घेतले. मग फोन सरळ केला आणि ते एक बोट काचेवर धरून कितीतरी वेळ तशाच बसल्या.

माझा फोन थरथरला.

"नको."

खाली काकींनी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. काका आले तेव्हा त्या त्यांना पाण्याची बाटली देत होत्या.

परतताना निझव्याला जेवलो. किल्ल्याजवळच्या बाजाराच्या बाहेर हॉटेलं आहेत, मासे आणि भात चांगला मिळतो, चौघांचे साडेसात रियाल. चव मला सांगता येणार नाही. काका एकटेच बोलत होते, संध्याकाळी कोण कोण येणार, पेढे किती वाजता आणायचे. काकी माझ्या ताटात भात वाढत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या. मीही नव्हतो पाहत.

माबेल्यात संदेशदादांच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली तेव्हा मी उतरून मागचं दार उघडलं आणि म्हणालो, "काका, सुपारी नको. माझी लग्नाची तयारी नाही."

ते अर्धे उतरलेले तसेच थांबले. "काय? अरे लोक येतायत संध्याकाळी!"

"मी संदेशदादांना सांगतो. चूक माझीच."

"दहावी नापास पोराला नर्स देत होतो मी, आणि तू नाही म्हणतोस? गावात तोंड दाखवशील काय?" त्यांचा आवाज चढला. वॉचमन बाहेर आला. "कोणी कान भरले तुझे? बोल!"

"असू द्या," काकी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्या काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. "तो नको म्हणतोय ना. जबरदस्ती करायची नाही. कोणावरच नाय करायची."

तेवढ्यात शम्साने काच खाली केली आणि मराठीत म्हणाली, "काकू, गुडघ्याला गरम तेल लावा. काका, येते हं." काकांचं तोंड उघडं राहिलं. गाडी वळून गेली तरी ते तसेच उभे होते. बहुतेक सकाळपासूनची सगळी वाक्यं आठवत असावेत.

काका-काकी आठवड्याने गावी परत गेले. सायलीचा फोन तिला मिळाला का, ती परीक्षेला बसणार का, हे मला माहीत नाही. संदेशदादा माझ्याशी बोलत नाहीत. त्या नंबरवर मी काही लिहीत नाही, कारण आता तो कोणाच्या हातात आहे हे कळायला मार्ग नाही. तालुक्यात माझं नाव काय झालं असेल याची धास्ती वाटते, झोपही नीट लागत नाही.

पण तुम्ही जब्रीनला नक्की जा. छतं पाहा, खिडक्यांच्या दोन रांगा पाहा.

परवा मी ते तीन आठवड्यांचे मेसेज पहिल्यापासून वाचले. आता कळतं कोणते काकांनी सांगून लिहिलेले आहेत. पगार किती, ओव्हरटाइम मिळतो का, घर कधी बांधणार. पण रोज रात्री, माझं काम सुटायच्या वेळेला, एक मेसेज वेगळाच असायचा. "जेवलात का?" आणि मी नाही म्हटलं तर, "आधी जेवा, मग लिहा." ते सांगून लिहिलेलं वाटत नाही. पाच वर्षांत इथे मला असं कोणी विचारलं नव्हतं. सायलीने विचारलं म्हणून मी खूश होतो, आणि ती तेव्हा घरात बसून कोणाशी बोलतही नव्हती. या दोन गोष्टी एकत्र कशा धरायच्या ते मला अजून जमत नाही. मेसेज पुसलेले नाहीत.

हिशेब: गाडी आणि गाइड पंचावन्न ठरले होते, शम्साने पाच परत दिले, म्हणजे पन्नास. तिकिटं, चहा, जेवण आणि पाणी मिळून साडेअठरा. एकूण साडेअडुसष्ट रियाल. देणं: दिलीपचे तीस, पुढच्या दोन पगारांतून. संदेशदादांनी पेढेवाल्याला आगाऊ दिलेले सहा रियाल, ते मी पाकिटात घालून त्यांच्या दाराखालून सरकवले आहेत.