तू थांब, मी येतो

ब्रदर कुणाला कधी ऑफिसात बोलावून घेत नसत. मुलगा रुसला, भांडला, शाळेतून पळाला, तरी ते स्वतः उठून त्याच्याकडे चालत जात. पांढरा झगा, पायात टाचा झिजलेल्या चपला आणि लांबलांब ढांगा. मैदानाच्या पलीकडून कुणी हाक मारली की हात वर करून ओरडत, "तू थांब, मी येतो!" हे वाक्य ते आम्हा मराठी पोरांकडून शिकले होते आणि मल्याळी, पंजाबी, भोपाळी सगळ्यांनाच ऐकवत.

ते बेल्जियमचे. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपला लागून मिशनची शाळा होती, तिथे गणित शिकवायचे. माझे वडील कारखान्यात क्रेन चालवत. वर्गात इंजिनिअरांची मुलंही होती. त्यातला एक जण मला "ए क्रेन" म्हणाला आणि मी त्याचा ओठ फोडला. मग पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. थोड्या वेळाने ब्रदर आले, माझ्या शेजारी मातीतच बसले आणि खिशातून शेंगदाणे काढून मधे ठेवले.

"गुस्सा खतम?"

"नहीं."

"तो और बैठते हैं."

शेंगदाणे संपले तरी बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले, "मैं तेरे पास आया. कल तू उसके पास जा." मी गेलो. मी उठून कुणाची माफी मागायला गेल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

बाजारात मात्र त्यांना कुणीही टोपी घालावी. भाजीवाला सांगेल तो भाव देऊन वर 'शुक्रिया' म्हणायचे. शेवटी मीच पिशवी हातात घेऊन त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. मी घासाघीस करायला लागलो की ते अस्वस्थ व्हायचे. "बस कर, वो रो देगा!" मी म्हणायचो, "ब्रदर, नाटक है. हम जाएँगे, वो बुलाएगा." आम्ही वळायचो आणि तो बोलवायचा. मग ब्रदर लहान मुलासारखे टाळ्या पिटायचे. तू मोठा व्यापारी होशील, असं मला पहिल्यांदा तेच म्हणाले. मला मात्र पुढे शिकायचं होतं.

लोक अजून विचारतात, तुम्हा पोरांना बाटवायला बघत होते का? एकदा मीच तोंडावर विचारलं होतं. ते हसले. "पहले तू मुझ पर भरोसा कर. मेरे ईश्वर को जल्दी नहीं है." विद्यार्थ्याच्या घरी, सणासमारंभात समोर आलेलं काहीही नाकारायचं नाही, असा त्यांचा नेम होता. त्या नेमानेच घात केला.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष देशमुखकाकांनी त्यांच्या हातात आरतीचं तबक दिलं. ब्रदरनी ते घेतलं, दोन्ही हातांनी, घाबरत घाबरत ओवाळलं आणि नंतर मोदक खाल्ला. कुणीतरी फोटो काढला. देशमुखकाकांना त्या फोटोचा एवढा अभिमान वाटला, की शाळेच्या वार्षिक समारंभाला मिशनचे परदेशातले वरिष्ठ आले, तेव्हा त्यांनी तो काचेच्या चौकटीत घालून स्टेजवर पाहुण्यांनाच भेट दिला. "देखिए, हमारे ब्रदर!" सगळं मंडळ टाळ्या वाजवत होतं. पाहुणे चौकटीकडे बघत राहिले. ब्रदर खाली बघत होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी दहावी झाली. वडिलांनी कारखान्यात अप्रेंटिसला माझं नाव सोमवारी द्यायचं ठरवलं होतं. मी खूप भांडलो. शेवटी ते म्हणाले, "तुझे ब्रदर घरी येऊन म्हणाले, याला शिकवा, तर शिकवीन. इतक्या लांबून आलेला माणूस आपल्या दारात आला, तर त्याचा शब्द मी मोडणार नाही." मी शाळेकडे पळत सुटलो. ब्रदर म्हणाले, "रविवारी. तू थांब, मी येतो."

रविवारी आईने साबुदाण्याची खिचडी केली. शेजारून खुर्ची आणली. वडील सुट्टीच्या दिवशी बनियनवर बसणारे. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून उघड्या दाराशी बसले होते.

दुपारी देशमुखकाका आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, "ब्रदरना परत बोलावलंय. सकाळच्या गाडीने गेले. मी स्टेशनवर होतो. एका मुलाच्या घरी जायचंय म्हणत होते, पण बरोबरचे म्हणाले, गाडी चुकेल."

मिशनची जीप आमच्या क्वार्टरवरूनच स्टेशनला जायची. दुसरा रस्ता नव्हता.

वडील दारातून उठले. मग म्हणाले, "दार लोटून घे." सोमवारी मी अप्रेंटिस झालो.

पुढे नोकरी सोडली, भोपाळजवळ मंडीदीपमध्ये भंगाराचा धंदा उभा केला. कुणाचा हात डोक्यावर नसताना केला. देशमुखकाका आता भोपाळमध्येच अयोध्या नगरात मुलाकडे असतात, पार थकलेत. परवा त्यांनीच सांगितलं की ब्रदर तिकडे बेल्जियमला वारले. म्हणाले, "नाइलाज होता रे बिचाऱ्यांचा. सोड आता."

माझं डोकं फिरलं. "काका, मी आयुष्यभर सौदे केलेत. जीप थांबवायची असली की माणूस थांबवतो."

काका भिंतीकडे बघत म्हणाले, "फोटो मी दिला होता." भांडायला माणूस उरला नव्हता, आणि जो उरला होता त्याच्याशी भांडवत नव्हतं.

माझ्या गोदामात हमाल भांडतात, रुसतात. मी त्यांना केबिनमध्ये बोलावत नाही. उठून जातो, शेजारी बसतो. ती सवय ब्रदरची आहे, त्यांच्यावर माझा राग असला तरी सुटत नाही. पण "थांब, मी येतो" असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. थांबणारा माणूस संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टाची बटणं कशी काढतो, ते मी पाहिलं आहे.