यशवंतदादांच्या बोटीतलं व्हॅनेडियम

कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! लोक अडाणीपणाने माती खातात, मी शिक्षणाने खाल्ली. चहा घ्या आणि ऐका.

मिरकरवाड्याजवळच्या किनाऱ्यावर काळ्या तेलाचे गोळे आले. तसे ते दरवर्षीच येतात. पण यंदा कुणीतरी तक्रार केली, की आमच्या शेजारचे यशवंतदादा बोटीतलं जळकं तेल समुद्रात ओततात. चौकशी लागली. मासेमारीचा परवाना गेला, की त्या घरात उरतं काय?

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. म्हटलं, "दादा, घाबरू नका. व्हॅनेडियम सोडवेल तुम्हाला."

"कोन, वकील हाय?"

"धातू आहे हो! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी शेवाळ गाडलं गेलं. त्याच्या हिरव्या रंगात मॅग्नेशियम असतं. ते निघून गेलं आणि त्या जागेवर व्हॅनेडियम न् निकेल येऊन बसले. शेवाळाचं तेल झालं, तरी ते काही उठले नाहीत! तेल शुद्ध केलं, की दोघंही तळच्या जाड गाळात राहतात. तो गाळ मोठी जहाजं जाळतात. तुमच्या डिझेलात हे औषधालाही नाहीत."

किनाऱ्यावरचे गोळे आणि बोटीतलं तेल, दोन्ही तपासा, असा मी अर्ज केला. वर ठणकावून लिहिलं, 'ज्याच्या तेलात हे धातू सापडतील, तोच गुन्हेगार.' खाली माझी सही, पदवीसकट!

नमुना घ्यायला चौकशीच्या साहेबांसमोर मीच बोटीत उतरलो. स्टीलच्या चाकूत निकेल असतं, म्हणून हातात करवंटी. केवढी ती काळजी! इंजिनाखालच्या फळ्यांवरचा काळा थर खरवडायला घेतला.

"मास्तर, अवो तितं…"

"दादा, मधे बोलू नका!"

"नाय, पन त्या फळ्यांना…"

"हे विज्ञान आहे!"

थर खरवडून मी बाटलीत भरला.

अहवाल आला. गोळ्यांत व्हॅनेडियम, निकेल. बोटीतही व्हॅनेडियम, निकेल! अहवाल मुठीत धरला. तसाच दादांकडे गेलो.

"काय होतं हो त्या फळ्यांना?"

"डांबर. पानी झिरपत व्हतं, म्हनून मीच लावलेलं. तेच तर सांगत व्हतो."

डांबर म्हणजे काय? त्याच तेलाचा तळचा गाळ! वर्गातल्या फळ्यावर हे मी किती वेळा लिहिलं असेल?

साहेबांकडे धावलो, डांबराचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"सर, तुमचे आभार. आमच्याकडे पुरावाच नव्हता. सोडूनच देणार होतो त्यांना."

परवाना गेला. दादा आता या वयात दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढतात. मला रस्त्यात दिसले, की माझीच मान खाली जाते.

परवा धीर करून त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "दादा, वरती अपील करू. मी आहे तुमच्या बाजूने."

दादांनी हात जोडले.

"मास्तर, येक उपकार करा. ह्या टायमाला तुमी त्येंच्या बाजूनं जावा."