तुळजाअक्काचं शेटेपण

भागानगरच्या मोगलांची, म्हणजे निजामाची, फौज पुणे जाळून माघारी गेली, तेव्हा नागझरीकाठच्या आमच्या पेठेत औषधालाही माणूस उरला नव्हता. कुणी सिंहगडाच्या पायथ्याला गेलं, कुणी मावळात, कुणी नातलगांकडे. पेठेचा शेटे, म्हणजे पेठ वसवणारा, जकात गोळा करणारा आणि तंटे मिटवणारा कारभारी, तो तर त्या पळापळीतच तापानं गेला. त्याला मूलबाळ नव्हतं.

तुळजाबाई रंगारीण हडपसर गावाजवळच्या एका मळ्यात आसऱ्याला होती. तिचा नवरा लष्कराच्या बाजारात रंगाचं दुकान घेऊन उत्तरेत गेला होता. पानिपतानंतर त्याची काही खबर नव्हती. तेव्हापासून नीळ काढायची, कापड बुडवायचं, वाळवायचं हे सगळं तिनं एकटीनं केलं होतं. फौज गेल्याचं कानावर आलं तशी ती उठली. मळेकरी म्हणाला, "बाई, तिथं राखेशिवाय काय हाय?"

"माझं घर आहे," ती म्हणाली आणि चालू लागली.

पेठेत शिरल्यावर तिला घर कुठलं आणि रस्ता कुठला, तेच कळेना. घरांच्या भिंती काळ्या पडल्या होत्या. कावळेसुद्धा नव्हते. विहिरीपाशी मात्र एक माणूस बसलेला दिसला. तो चांद पखाली होता, पेठेला घरोघर पाणी घालणारा.

"अक्का, विहीर नासवलीय," तो म्हणाला. "जळके वासे टाकलेत, मेलेली जनावरं टाकलीत. पाणी नाही तर माणसं कशाला येतील?"

तुळजाबाईनं पदर खोचला. चांद दोराला धरून खाली उतरायचा, ती वरून ओढायची. वासे निघाले, हाडं निघाली, गाळ निघाला. घाणीनं दोघांनाही ओकाऱ्या झाल्या. हातांची सालटी गेली. शेवटी एका सकाळी तळातून झरा फुटला. चांदनं ओंजळ भरून आधी वर पाहिलं, मग तो प्याला. तुळजाबाई काठावरच बसून राहिली. एवढ्या मसणवटीत पाणी असं निवळशंख येऊ शकतं, हे तिला खरं वाटेना.

तिनं चूल मांडली. त्या चुलीचा धूर पर्वतीच्या टेकडीवरून दिसत होता म्हणे. तो बघून एक कासार आला, मग दोन शिंपी आले. चांद मावळापर्यंत जाऊन सांगून आला की पाणी गोड झालंय. जो येईल त्याला तुळजाबाई जागा दाखवायची, आधी कुणाचं घर कुठं होतं ते आठवून भांडणं तोडायची. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

पेठ पुन्हा नांदती झाली, तसा कोतवालीचा कारकून श्रीधरपंत मारुतीच्या देवळात आला. पेठेला शेटे नेमायचा होता. भुसारी सर्जेराव पुढं झाला. त्यानं घाटापलीकडून धान्याच्या गोण्या आणून पेठेत दुकान थाटलं होतं. "पेठ मी वसवली. शेटेपण मला मिळावं," तो म्हणाला. व्यापारी माना डोलवू लागले.

"आणखी कुणी?" पंतांनी विचारलं.

चांद उठला. "तुळजाअक्का."

तुळजाबाई दचकलीच. सभेत हसू फुटलं. पंत म्हणाले, "बाईमाणूस शेटेपण करणार? कसं करणार?"

ती सावकाश उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. "आजवर केलं तसंच करीन, पंत," ती म्हणाली.

हसू थांबलं. पंतांनी क्षणभर तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी गुरवाकडून बेल आणि भंडारा मागवला. "सर्जेराव, पेठ तुम्ही वसवली ना? मग देवासमोर बेलभंडार उचला आणि तसं शपथेवर सांगा."

सर्जेराव झटक्यात पुढं गेला. त्यानं बेलभंडार हातात घेतला, आणि तिथंच थांबला. सगळी पेठ देवळाच्या अंगणात दाटीनं उभी होती. सर्जेरावाच्या बोटांतून हळद खाली गळत होती. तो मूर्तीकडे बघत राहिला.

"नाही बोलवत," तो अखेर म्हणाला. "धान्य मी आणलं, हे खरं. पण मी टेकडीवरून धूर पाहिला, म्हणून खाली उतरलो. तो धूर हिच्या चुलीचा होता. पेठ हिनं वसवली."

असं काही पेठेनं कधी पाहिलं नव्हतं. हातातोंडाशी आलेलं शेटेपण तो माणूस आपल्याच तोंडानं सोडत होता. एका म्हातारीनं हात जोडले, ते देवाला की त्याला, सांगता येणार नाही.

तुळजाबाई पुढं आली. "यांच्या जोंधळ्यावर आम्ही जगलो, पंत. तेही लिहा."

पंतांनी पेठेला विचारलं, कोण हवं? कासार उठून तिच्या मागं जाऊन उभा राहिला. मग शिंपी, मग पखाल्यांची आळी, मग सर्जेरावाचे व्यापारी. शेवटी सर्जेराव. पंतांच्या समोर रिकामं अंगण उरलं.

घरी परतताना चांद बरोबर होता. "चांदभाई, मला भीती वाटते," ती म्हणाली.

"आता कसली?"

"एवढी माणसं खरंच मागं उभी राहिली, त्याची."

चांद तिला दारापर्यंत सोडून विहिरीकडे गेला.

कोतवालीनं तिला शेटेपणाचं मानाचं लुगडं दिलं. नव्यानं घर बांधणाऱ्यांना जकात माफ करण्याचा लेखी कौल तिनं सरकारातून मिळवला आणि पडीक आळ्याही भरल्या. तंटा आला की ती सर्जेरावाला शेजारी बसवून घ्यायची. कधी त्याचं ऐकायची, कधी त्याला उघड गप्प करायची. म्हातारपणी डोळे गेले, तरी आवाजावरून ती माणूस ओळखायची आणि निवाडा द्यायची. ती गेली त्या दिवशी पेठेनं दुकानं उघडली नाहीत.